पिंपळावर टांगलेला ओटीपी

आमच्या घरातली पहिली सायबर चोरी आम्ही स्वतःच केली, आणि चोरीला गेलं ते माझ्या धाकट्या बहिणीचं कॉलेज. पोलिसांत तक्रार दिली नाही. द्यायची तर आरोपी म्हणून अख्खं घर न्यावं लागलं असतं, आणि मग मागं गाईला चारा कोणी घातला असता?

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबपासून आत. डांबरी रस्ता संपल्यावर नवखा माणूस जिथं ‘पुढं काही गाव नसेल’ म्हणून गाडी वळवतो, तिथून थोडं पुढं. त्या काळी गावात इंटरनेट होतं, पण मोबाइलला रेंज नव्हती. (असं कसं, हे मला विचारू नका. ज्यांनी केलं त्यांनाही ठाऊक नसावं.) जमिनीखालून आलेली केबल गजूच्या ऑनलाइन सेंटरमध्ये शिरत होती, आणि हवेतून येणारी रेंज मात्र समोर, बुद्धविहाराशेजारच्या पिंपळाच्या एकाच फांदीवर उतरत होती. पिंपळाखाली ज्ञान मिळतं हे आमच्या लोकांना नव्यानं सांगायला नको. आता ओटीपीही मिळायला लागला, एवढंच.

मग गावानं आपली सोय करून घेतली. सकाळी शेतात जाताना ज्यानं त्यानं आपला फोन पिंपळाला टांगायचा आणि संध्याकाळी काढून न्यायचा. त्यासाठी माझ्या मंजुळाआत्यानं, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीनं, उरल्यासुरल्या ब्लाउजपिसांच्या पिशव्या शिवून दिल्या होत्या. बाबांचा फोन पिवळ्या पिशवीत, सरपंचांचा जांभळ्या, आणि गावात दोघांशी भांडण असलेल्या एका गृहस्थांचा काळ्या. आत्या दिवसभर त्याच झाडाखाली वाकळ शिवत बसायची. चौथी शिकलेली असल्यामुळं तिला आकडे वाचता यायचे, आणि आवाज असा, की शिवेवरचे बैल मान वळवून बघायचे. कोणाचं गॅसचं, कोणाचं राशनचं, कोणाचं कापूस विक्रीच्या नोंदणीचं काम गजूकडं चाललेलं असायचं. गजूनं बटन दाबलं की पिंपळावर फोन टुणकन वाजायचा, आणि आत्या रस्त्यापलीकडं हाळी द्यायची.

“गजू, हिरव्या पिशवीचा आला रे! चार, नऊ, शून्य, दोन, दोन, सात!”

“पुन्हा सांग व आत्या!”

ती पुन्हा सांगायची. अख्खं गाव ऐकायचं. ‘हा ओटीपी कोणालाही सांगू नका’ असं प्रत्येक मेसेजमध्ये लिहिलेलं असायचं, आणि आत्या ते इमानदारीनं पाळायची. ती कोणा एकाला सांगतच नव्हती!

तर त्या हंगामात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. बोंड बाहेरून टंच, हिरवंगार, आणि फोडलं की आत अळी जावयासारखी ऐसपैस बसलेली. बाबांनी कपाशीच्या उभ्या पराटीत ट्रॅक्टर फिरवला. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, आणि पुढं कितीतरी दिवस घरातलं कोणी वावराकडं फिरकलं नाही. एकटी माझी बहीण सुजाता, तेव्हा बारावीत, मोडलेल्या पराट्यांतून किडकी बोंडं वेचून आणत होती. लोणच्याच्या बरणीत तिनं त्या अळ्या ठेवल्या आणि बरणीच्या तोंडाला आईच्या जुन्या पातळाचा तुकडा बांधला.

आई कडाडली, “अव सुजाता, त्या अळ्याईनं आपलं वाटोळं केलं, न् तू त्याईले बरणीत पोसून राह्यली!”

“पोसून नाई राह्यली माय, पाहून राह्यली. हे बोंडात शिरते कवा न् कुठून, हे आपल्याले मालूम असतं तं पराटी वाचली असती.”

त्या वर्षी आमच्या घरात ‘वाचली असती’ हे शब्द उच्चारणारी ती एकटीच होती. बाकीचे सगळे ‘गेलं’ एवढंच म्हणत होते. मला तिचा फार अभिमान वाटला. (लोणचं कुठं ठेवायचं, हा प्रश्न नंतर आला.)

सुजातानं ठरवलं, शेतीचीच पदवी घ्यायची, आणि ती अकोल्याला. प्रवेशपरीक्षेत तिला गुण चांगले पडले. बाबा म्हणाले, “पोट्टी म्हणते तं अकोलाच.” आईनं डोळे पुसले. आत्यानं साखर वाटली. विषय संपला. म्हणजे, संपला असं मला वाटलं.

अर्ज भरायची जबाबदारी मी घेतली. कोणी दिली नव्हती, मीच घेतली. यवतमाळला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेला घरात मी एकटा. (पूर्ण झाला नव्हता, पण केला होता.)

सुजाता म्हणाली, “दादा, माया अर्ज मलेच भरू दे न.”

“तू अळ्या पाह्य. हे टेक्निकल काम हाये.”

आणि मी त्या अर्जाला दुहेरी कुलूप लावलं. आधी पासवर्ड टाकायचा, मग फोनवर येणारा ओटीपी. दोन्ही जमले तरच अर्ज उघडणार! संध्याकाळी ओसरीवर सगळ्यांना बसवून मी समजावून सांगितलं.

“आता चोराले पासवर्ड मालूम झाला तरी तो काई करू शकत नाई. त्याले ओटीपी पाह्यजे. न् ओटीपी येते बाबाच्या फोनवर!”

“म्हंजे पासवर्ड कोणाले सांगतला तरी चालते?” आत्यानं विचारलं.

“बिनधास्त!” मी म्हणालो, आणि ते सिद्ध करण्यासाठी तिथल्या तिथं सगळ्यांना सांगूनही टाकला. “मिलिंद एक दोन तीन चार.” (बहिणीच्या अर्जाला माझं नाव का, असं सुजातानं विचारलं. टेक्निकल कारणं होती.)

“न् फोन कुठी असते?” बाबांनी विचारलं.

“पिंपळावर.”

“मंग ठीक हाये,” बाबा म्हणाले.

कोणालाही काही खटकलं नाही. दाराला दोन कुलपं लावली होती. एकाची किल्ली मी ओसरीवर वाटली होती आणि दुसऱ्याची पिंपळावर टांगली होती.

त्या अर्जाची एक गंमत होती. कोणतं कॉलेज पहिलं, कोणतं दुसरं, हा क्रम शेवटच्या तारखेपर्यंत हवा तेवढ्या वेळा बदलता येत होता. नंतर ‘पक्का करा’ असं बटन दाबलं की संपलं. सुजाता म्हणाली, “आजच पक्का करून टाक न दादा.” मी म्हणालो, “बटन असं घाईनं दाबू नये. शेवटच्या दिवशी शांतपणे दाबू.” हे वाक्य मी कुठं शिकलो कोण जाणे. कोर्समध्ये तरी नव्हतं.

एके दिवशी मी दारव्ह्याहून परत आलो, तर आत्या पिंपळाखाली पिवळ्या पिशवीतला फोन कानाला लावून मोठमोठ्यानं बोलत होती.

“हिरव्याचा पाच, पाच, नऊ, एक... लिहून राह्यले ना? न् जांभळ्याचा हाये तीन, शून्य... नाई जी, थांबा, लाल पिशवी ऱ्हायली!... तुमी जेवले का पण? आवाज लय बारीक येऊन राह्यला. हॅलो? हॅलो?”

मी विचारलं, “कोण होतं व आत्या?”

“ब्यांकेच्या मोठ्या हापिसातला होता बिचारा. हिंदी बोलत होता. म्हणे, माताजी, फोन पे जो नंबर आया है, वो बताइए. म्या म्हटलं, घे बाबा.”

“मंग तू सांगतला?”

“एकच कायले? सकाळपासनं आलेले सगळे सांगतले! वैतागून त्यानंच फोन ठेवला. आजकालच्या पोट्ट्याईले कामाची सवयच नाई.”

ते सगळे नंबर सकाळचे, मुदत संपलेले होते, म्हणून गावाचं काही गेलं नाही. चोराचा मात्र अख्खा तास गेला असावा. पण आमच्या अर्जाचा ओटीपीही त्याच फोनवर येत होता. मी तसाच गजूच्या सेंटरात शिरलो, अर्ज उघडला, आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो. पसंतीच्या यादीत सगळ्यांत वर अकोला नव्हतंच. वर होतं वणी!

“गजू! हॅक झालं!”

“सर्व्हर असन, दादा,” गजू माझ्याकडं न बघता म्हणाला.

मी अकोला पुन्हा वर घेतलं आणि घरी येऊन बैठक बोलावली. “कोणीतरी दिल्लीत बसून आपल्या सुजाताचा अर्ज फोडला!” मी जाहीर केलं. आई चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं करू लागली. बाबांना खोकला आला. आत्या तेवढी ठामपणे म्हणाली, “दिल्लीवाल्याले वणी कायले पाह्यजे?”

प्रश्न बिनतोड होता. उत्तर शोधायचं सोडून मी पासवर्ड बदलला. ‘मिलिंद चार तीन दोन एक.’ रात्री जेवताना सगळ्यांना हळू आवाजात सांगून टाकला. हॅकर बाहेरचा होता, घरच्यांपासून काय लपवायचं?

पुढच्याच आठवड्यात पाहतो, तर यादीत वर उमरखेड! मी पुन्हा अकोला केलं. नंतर पाहतो, तर यवतमाळ! मी डोक्याला हात लावला. वणी, उमरखेड, यवतमाळ... जगातले हॅकर म्हणे क्षणात अमेरिका गाठतात. आमचा हॅकर एस.टी.नं फिरत होता, आणि तोही जिल्ह्याबाहेर जायला तयार नव्हता!

सुजाताचा चेहरा मात्र उतरत चालला होता. बरणीशी बसली की बसूनच राहायची. एकदा मला म्हणाली, “दादा, मले अकोला नाई भेटलं तं?” मी छाती ठोकून म्हणालो, “मी हावो ना!” तिला आणखीच काळजी वाटलेली दिसली.

शेवटची तारीख उजाडली. संध्याकाळी अर्ज बंद होणार होता. मी रात्रभर विचार करून (मधे थोडा झोपलो) योजना आखली होती. ओटीपी येणारा फोनच आपल्या ताब्यात ठेवायचा! पण खिशात ठेवला तर रेंज जाते. म्हणजे फोन पिंपळावर हवा, आणि माझ्याच हातात हवा. उपाय एकच होता. विहाराची शिडी लावून मी फोनसकट पिंपळावर चढलो.

“माया जागेवर कायले बसून राह्यला?” आत्या खालून ओरडली.

“आज मी ओटीपी सांगीन!” मी वरून म्हणालो. “गजू, मी हात हालवला की अर्ज उघडजो. तवर शिडी धर. न् आयका सगळे! आज मायाशिवाय जो कोणी सेंटरात पाय ठेवन, तोच चोर!”

खाली बाबा, आई आणि आत्या उभे होते. कोणीच हललं नाही, पण तिघंही चोरून सेंटरच्या दाराकडं बघत होते, आणि बघता बघता तिघांची नजरानजर झाली.

बाबा घसा साफ करून म्हणाले, “मी काय म्हणतो, मिलिंद... उमरखेड काई वाईट नाई. मोठे भाऊ हायेत तिथं. पोरीले घरचं जेवण भेटन.”

आई गर्रकन वळली. “अवो, म्हंजे ते उमरखेड तुमी केलं होतं? मले वाटलं कॉम्प्युटरनंच केलं! म्हणून तं म्या यवतमाळ वर घ्यायले लावलं. माया माहेरच्या गल्लीत राह्यली असती.”

“तू?” बाबा म्हणाले.

“न् मी गेलती तं वर यवतमाळ!” आत्यानं कपाळावर हात मारला. “म्या म्हटलं, वणीत माई लेक हाये. शेजारी खदानीत नोकरीवर असलेला एक पोट्टा हाये, दिसायले असा...”

“आत्या!!” मी फांदी गच्च धरली. “गजू, तू मले सांगतलं काहून नाई?”

“तिघाईनं शपथ घातली होती, दादा,” गजू म्हणाला. “न् ओटीपी तं बरोबर होता. ज्याच्यापाशी ओटीपी, तो मालक. माया कॉम्प्युटर बी असंच म्हणते.”

आता मला सगळा उलगडा झाला. मी पहिल्यांदा वणी पाहिलं, तोवर तिघांची एकेक फेरी होऊन गेली होती. दुहेरी कुलपानं चोख काम केलं होतं. फक्त चोर कोण आणि मालक कोण, हे त्या कुलपाला कोणी सांगितलंच नव्हतं.

“कायले केलं पण असं?” मी विचारलं.

आई पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, “अकोला लय दूर हाये रे. तिथं ताप आला तं डोक्यावर हात कोण ठेवन?”  बाबा जमिनीकडं बघत म्हणाले, “औंदा पराटी गेली डोळ्यादेखत. आता पोरगी बी नजरेआड गेली तं करमन कसं, एवढंच वाटलं.” बाबांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. झाडावर बसलेला असूनही माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात हातातला फोन टुणकन वाजला. ओटीपी! मी हात हलवला नव्हता, पण डोळे पुसताना हलला असेल असं वाटलं. मनात म्हटलं, गजू कामाचा माणूस हाये, आणि आत्यालाही लाजवेल अशा आवाजात ओरडलो, “गजू! सहा, एक, एक, तीन, आठ, पाच!”

“मले कायले सांगता दादा?” बरोबर माझ्या पायाखालून आवाज आला. “मी तं इथीच हावो. शिडी धरून.”

“मंग आत कोण हाये?”

सगळ्यांनी सेंटरकडं माना वळवल्या. फोन पुन्हा वाजला. मी मेसेज वाचला आणि माझा आवाज पार खाली गेला. ‘आपला पसंतीक्रम पक्का झाला आहे. यापुढे बदल करता येणार नाही.’ कोणतं कॉलेज, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

सेंटरच्या दारातून सुजाता बाहेर आली. ओढणीनं कपाळाचा घाम पुसत सरळ बाबांसमोर येऊन उभी राहिली.

“कोणतं?” बाबांनी विचारलं.

“अकोला.”

 पिंपळाची पानं तेवढी सळसळत होती. (त्यात माझाही थोडा हात होता, पायानं मी शिडी चाचपत होतो.)

“तुमी समदे माया भल्यासाठीच करून राह्यलते, मले मालूम हाये,” सुजाता म्हणाली. “रोज संध्याकाळी पिंपळावरून फोन कोण नेते घरी? मीच ना? अर्ज बदलला, अर्ज बदलला, असे मेसेज येऊन पडेत. ओटीपी नसला की आत्या वाचतच नाई.”

“मंग तवाच काहून नाई बोलली?” आईनं विचारलं.

“बोलली असती तं तुमी मले समजावलं असतं, माय.” ती आईकडं वळली. “न् मी समजून घेतलं असतं.”

 बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाले, “गजू, अकोल्याची गाडी बोरीहून भेटते का दारव्ह्याहून?” आईला हसू आणि रडू एकदमच आलं. आत्या म्हणाली, “जाऊ द्या, अकोल्यात बी पोट्टे असतीनच.”

मग सगळे बोलत बोलत चहाला घरी गेले. गजूही शिडी घेऊन विहाराकडं गेला. मी अजून वरच आहे, हे कोणाच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. पहिल्यांदा लक्षात आलं ते सरपंचांच्या, आणि तेही जांभळी पिशवी काढायला आले म्हणून!

पुढं पाऊस लागला, पेरण्या झाल्या. बाबांनी निम्म्या वावरात पुन्हा कपाशीच लावली, “पाहू” म्हणून. एका सकाळी मी निंदणाला निघालो होतो, तेवढ्यात विहाराकडून आत्याची हाळी आली. गावानं तिच्या हजारो हाळ्या ऐकल्या असतील, पण अशी नाही.

“पिवळ्या पिशवीचा आला व! ओटीपी नाई! अकोला हाये! अकोला! आपल्या सुजाताले अकोला भेटलं!”

जिला वणी पाहिजे होतं, तीच रस्त्यात वाकळ टाकून पळत येत होती. माणसं वखर सोडून आली. आई उंबऱ्यातच बसली आणि रडली. बाबा सारखे म्हणत होते, “पुन्हा सांग व बाई, पुन्हा सांग,” आणि ती पुन्हा सांगत होती. कोणालाही सांगू नका, असं त्या मेसेजमध्ये कुठंच लिहिलेलं नव्हतं. ज्या झाडावरून आमची एवढी फजिती झाली, त्याच झाडावरून एवढा आनंद गावभर जाईल असं मला वाटलं नव्हतं.

आता गावात टॉवर आला आहे. पिंपळ मोकळा झाला, तिथं आता खरीखुरी पाखरं बसतात. सुजाता किडींचंच काम करते. आमच्या वावरात तिनं अळीच्या पतंगासाठी सापळे टांगलेत. मादीचा वास समजून नर आपल्या पायानं आत जातो. “बँकेतून बोलून राह्यलो म्हणणाऱ्यावानीच,” ती आत्याला समजावून सांगते, आणि आत्या मान डोलावते.

परवा ती घरी आली होती आणि माझं इंटरनेटवरचं खातं बंद पडलं होतं. ओटीपी जायचा बाबांच्या जुन्या नंबरावर, आणि तो नंबर कधीच बंद झालेला.

“पासवर्ड तरी आठवते का दादा?” तिनं विचारलं.

आता मी शहाणा झालो आहे. दार लोटलं, खिडकीतून बाहेर पाहिलं, तिच्या कानाशी वाकलो आणि तोंड उघडणार, एवढ्यात खाटेवरून बाबा, स्वयंपाकघरातून आई आणि अंगणातून आत्या एका सुरात ओरडले, “मिलिंद चार तीन दोन एक!”